खुलासा: जुनं चंदन म्हणजे रक्तचंदन नव्हे

‘चंदनाचा गाभा जुना होऊन लाल झाला की तेच रक्तचंदन’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. गोंधळ फक्त नावाचा, कुळंच वेगळी. चंदन सँटालेसी कुळातलं, अर्धपरजीवी. त्याची मुळं शेजारच्या मुळांना चिकटून पाणी-क्षार ओढतात, म्हणून एकटं लावलेलं रोप खुरटतं; सोबत तुरीसारखं यजमान झाड हवंच. रक्तचंदन शेंगावर्गीय, मुख्यतः आंध्रातल्या शेषाचलमसारख्या कोरड्या डोंगरांतलं. पान बघा: चंदनाची साधी पानं समोरासमोर, रक्तचंदनाचं बहुधा त्रिदल. त्याच्या लाकडाला चंदनाचा सुवासही नसतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत चंदन ‘असुरक्षित’, रक्तचंदन त्याहून बिकट, ‘संकटग्रस्त’. मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.