खुर्चीतल्या खुर्चीत अप-डाऊन

मी रोज डोंबिवलीहून ऑफिसला जातो आणि परत येतो, दिवसातून कितीतरी वेळा, आणि तेही लोकलमधल्या चौथ्या सीटसाठी कुणापुढे तोंड न वेंगाडता. करायचं काय, तर टेबलावर एक काळी डबी आहे तिचं बटण दाबायचं. डबीवर दोन दिवे. पहिला दिवा म्हणजे कंपनीने दिलेला विंडोजचा लॅपटॉप, दुसरा म्हणजे माझा स्वतःचा ॲपलचा मॅक. आमच्याकडे त्यांना ऑफिस आणि घर अशीच नावं पडलीयेत, म्हणजे बायको स्वयंपाकघरातून विचारते, "अरे, आत्ता तू घरी आहेस का ऑफिसात?" आणि मी तिच्यापासून आठ फुटांवर बसून खरंखुरं उत्तर देतो. समोर मॉनिटर एक, कीबोर्ड एक, माउस एक. बटण दाबलं की हे तिघं उठून दुसऱ्याच्या सेवेला हजर होतात, असं डबीच्या खोक्यावर लिहिलंय. अशा डबीला केव्हीएम म्हणतात, म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माउस.

हे सगळं कशासाठी, तर टेबलासाठी. वन बीएचके, त्यात हॉलचा एक कोपरा माझा, आणि त्या कोपऱ्यातही अर्धी जागा आईच्या शिलाई मशीनची. मशीन हलणार नाही, कारण ते माझ्या आधीपासून घरात आहे. मग दोन कीबोर्ड एकावर एक ठेवून बघितले, तर वरच्यावर टाइप केलं की खालचा पण मनातलं बोलायला लागायचा. एक कीबोर्ड मांडीवर ठेवून बघितला. ब्लूटूथवाला घेऊन झाला, पण त्याने नुसते हात बदलतात, डोळे कोण बदलणार? मॉनिटरवर दुसरं इनपुट घ्यायचं तर त्याच्या पाठीमागे हात घालून एक चिमुकली दांडी चाचपायची, मेनू उघडायचा, खाली, खाली, उजवीकडे, ओके, आणि एवढं होईपर्यंत मीटिंगमध्ये आपलं नाव घेऊन झालेलं असतं.

मित्र म्हणाला, हार्डवेअर कशाला पाहिजे, सॉफ्टवेअर आहे की. आहेच, सिनर्जी २००१ पासून आहे, माउस एका स्क्रीनच्या कडेवरून ढकलला की नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जातो. विंडोज ते विंडोज जायचं तर मायक्रोसॉफ्टचं माउस विदाउट बॉर्डर्स फुकट मिळतं. ॲपलनेही २०२२ मध्ये युनिव्हर्सल कंट्रोल काढलं, पण ते फक्त त्यांच्या त्यांच्यात, परक्या जातीत सोयरीक नाही. पण या सगळ्यांना ज्याचा त्याचा मॉनिटर लागतो, आणि माझं दुखणंच तिथे आहे. शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपवर आपल्या मनाने काही टाकता येत नाही, साधं घड्याळाचं वॉलपेपरसुद्धा नाही. मी ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे रीतसर तिकीट टाकलं, म्हणजे मागणी नोंदवली, सॉफ्टवेअरची परवानगी द्या नाहीतर एक मॉनिटर द्या. उत्तर आलं, सॉफ्टवेअर पॉलिसीत बसत नाही, मॉनिटर बजेटमध्ये बसत नाही, आणि तिकिटाचं स्टेटस 'रिझॉल्व्ड'. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

शेवटी लॅमिंग्टन रोड. दादरला लाइन बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि चालत गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात (रिक्षा तिथे चालतच नाही हे वेगळं, टॅक्सीवाले म्हणतात असं समजा). एका गाळ्यात माणसाने माझ्याकडे न बघताच विचारलं, "केव्हीएम? वीजीए, एचडीएमआय?" म्हणजे मॉनिटरला चित्र नेणारी वायर जुन्या पद्धतीची की नव्या.

"एचडीएमआय. फोर के चलेगा ना?"

"चलेगा."

"सिक्स्टी हर्ट्झ पे?"

आता मात्र त्याने वर बघितलं. "साब, थर्टी में आपको क्या तकलीफ है?"

तकलीफ अशी की फोर के म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके, आणि एवढे ठिपके सेकंदाला साठ वेळा पाठवायला एचडीएमआय २.० लागतं. ते २०१३ मध्ये आलं. त्याच्या आधीचं १.४ ते तीसवरच दमतं. सिनेमा बघायला तीस भरपूर झाले, पण माउस हलवून बघा. बाण तुमच्या हातामागून येतो, आजोबा नातवाच्या मागून बागेत येतात तसा, आणि तुम्ही थांबलात की दोन पावलं पुढे जाऊन थांबतो. म्हणून मी साठवाली डबी घेतली. मग त्या डबीला चालतील अशा केबली वेगळ्या, मॅकला नुसतं टाइप सी म्हणून त्याला अडाप्टर वेगळा, आणि हिशेब झाला तेव्हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुकानदाराने मात्र कॅरीबॅगचे पैसे घेतले नाहीत.

घरी जोडायला बसलो. दोन्ही कॉम्प्युटरमधून चित्राची एकेक, यूएसबीची एकेक, डबीतून मॉनिटरला एक, कीबोर्ड, माउस, आणि डबीची स्वतःची पॉवर. आठ वायरी! टेबल मोकळं करायला आणलेल्या वस्तूच्या! आई चष्मा वर करून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "अरे, माझ्या मशीनला एकच दोरा लागतो रे."

बरं, आता बटण दाबल्यावर नक्की काय होतं ते सांगतो, कारण मला वाटायचं की टीव्हीचा चॅनेल बदलतो तसं असेल. तसं नसतं. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात एक जन्मपत्रिका असते, ईडीआयडी म्हणतात तिला, मूळची १२८ बाइट्सची, त्यात मी कोण, किती मोठा, किती ठिपके दाखवतो असं सगळं. कॉम्प्युटर ती वाचतो आणि त्याप्रमाणे खिडक्या मांडतो. भारी डब्या ही पत्रिका लक्षात ठेवून दोन्ही बाजूंना सतत दाखवत राहतात. माझी डबी भारी नाही. त्यामुळे मी घरी आलो की ऑफिसला वाटतं मॉनिटर गेला, उपटून नेला कोणीतरी, आणि तो घाबरून सगळ्या खिडक्या आपल्या तेवढ्याशा स्क्रीनवर ओढून घेतो. मी परत गेलो की एक्सेल, मेल, ब्राउझर सगळे डाव्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर, गर्दीच्या वेळी ठाण्याला डब्याच्या दाराशी असतात तसे. मग त्यांना एकेकाला धरून जागेवर बसवा, आणि बसवून होतंय तोवर घरी जायची वेळ.

मॅकचं आणखी वेगळं. त्याचं झाकण बंद करून तो उभा ठेवलाय, जागा नाही म्हणून. झाकण बंद असताना बाहेरचा मॉनिटर असेल तरच जागं राहायचं हा त्याचा नियमच. म्हणजे मी बटण दाबून ऑफिसला गेलो की मॅक बघतो मॉनिटर नाही, झाकण बंद, आणि झोपतो. चालू डाउनलोडसकट झोपतो. आणि मी घरी असलो की तिकडे ऑफिसच्या चॅटमध्ये पाच मिनिटं कीबोर्डचा स्पर्श नाही म्हणून माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, आणि मॅनेजर लगेच 'देअर?' असं विचारतात. थोडक्यात ऑफिसला गेलो की घर झोपतं आणि घरी आलो की ऑफिसला कावीळ होते.

आवाजाची तर गंमतच. लॅपटॉपचा आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरच्या स्पीकरला जातो. मीटिंग चालू असताना जरा घरी डोकावलं की लॅपटॉपला मॉनिटर दिसेनासा होतो, आणि तो आवाज स्वतःच्या स्पीकरवर काढतो. लॅपटॉप ठेवलाय शिलाई मशीनच्या खालच्या कप्प्यात. आई फॉल लावत होती आणि तिच्या पायाशी एक गृहस्थ कडक इंग्रजीत तिमाहीचं टार्गेट विचारायला लागले. तिने पाय वर घेतले. नंतर कळलं तर म्हणाली, माणूस शहाणा वाटतो पण बोलू देत नाही कुणाला.

बटणाला हात लावायचा नसेल तर शॉर्टकट आहे, स्क्रोल लॉक दोनदा दाबा. स्क्रोल लॉक! १९८१ च्या आयबीएम पीसीपासून कीबोर्डवर बसून पगार खाणारी की. एक्सेलमध्ये चुकून दाबली गेली तर बाणाने सेल हलायच्या ऐवजी अख्खं शीट हलतं, एवढीच तिची जगात ओळख. इतक्या वर्षांनी तिला काम मिळालं, तर जागा वाचावी म्हणून मी घेतलेल्या छोट्या कीबोर्डवर नेमकी तीच नाही. पर्याय म्हणून कंट्रोल दोनदा असं ठेवता येतं. ठेवलं. पण कॉपी-पेस्टवर पोट असणाऱ्या माणसाचा अंगठा-करंगळी कंट्रोलवरच राहायला असतात, एक ओळ कॉपी करायला गेलं, कंट्रोल जरा अडखळून दोनदा लागला की थेट डोंबिवली. शॉर्टकट बंद केला.

आणि बोटांना कोण समजावणार की आता कुठे आहोत? मॅकला साधा कीबोर्ड लावला की विंडोज की तीच कमांड होते. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जायचं तर घरी कमांड एल. हीच दोन बोटं ऑफिसात तशीच पडली की विंडोज एल, म्हणजे स्क्रीन लॉक. मग पासवर्ड, मग फोनवर आलेला नंबर, आणि हे सगळं क्लायंटला प्रेझेंटेशन दाखवताना. उलट बाजूने, ऑफिसात विंडोज आणि स्पेस दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं, घरी तेच दाबलं की स्पॉटलाइटची पट्टी उघडते आणि तुम्ही काकूंना लिहायला घेतलेल्या शुभेच्छा मॅकभर शोधल्या जातात. मिळत नाहीत.

सकाळी साडेदहाला मावशी लादी पुसायला येतात. त्या फार मनापासून फडकं मारतात, डबीवर तर जास्तच, कारण ती चमकते. त्यांचं फडकं फिरलं की काळा स्क्रीन. पहिल्यांदा त्या घाबरल्या, "दादा, तुमचा टीव्ही गेला." आता घाबरत नाहीत. परवा आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सांगत होत्या, ह्यांचा टीव्ही पुसला की चॅनेल बदलतो.

मॅकच्या झोपेवर इलाज म्हणून मी एक डमी प्लग आणला. अंगठ्याएवढा असतो, नुसता खोचायचा, आणि तो कॉम्प्युटरला सांगत राहतो की मी मॉनिटर आहे, मी मॉनिटर आहे. पत्रिकाच खोटी. पण काम झालं, मॅक झोपायचा बंद झाला. फक्त आता मॅकला वाटतं मॉनिटर दोन आहेत, खरा आणि प्लगवाला, आणि काही खिडक्या तो बिनदिक्कत त्या नसलेल्या मॉनिटरवर उघडतो. माउस उजव्या कडेला नेला की बाण पलीकडे निघून जातो, तिकडे काय करतो देव जाणे. फाइल बंद करायला गेलं की काहीच होत नाही, कारण 'सेव्ह करायची का?' हा प्रश्न तिकडे विचारून झालेला असतो आणि मॅक उत्तराची वाट बघत बसलेला असतो. म्हणून आता काही अडलं असं वाटलं की मी न बघता एंटर दाबून मोकळा होतो. काय विचारलंय ते कळत नाही, पण आपल्याकडून हो असतं. काल बहुतेक अपडेटचं विचारत होता, कारण ही वरची ओळ लिहीत असताना तो रिस्टार्ट व्हायला लागला.