बोर्डाने ‘नाना’ लिहिलं म्हणून विषय संपत नाही

माजी सैनिकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच तो पाच-सहा जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘रिलीज मेडिकल बोर्डाने नाना लिहिलं की डिसॅबिलिटी पेन्शनचा विषय संपला. बोर्डाचं मत कुठलंही कोर्ट बदलत नाही. बाहेरच्या डॉक्टरचा कागद म्हणजे रद्दी. पीस स्टेशनला झालेला आजार धरत नाहीत. पाच वर्षं उलटली की हक्कच जातो. उगाच पैसे घालवू नका.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिलीज मेडिकल बोर्ड म्हणजे फौजेतून बाहेर पडताना तपासणी करणारं डॉक्टरांचं मंडळ. ‘नाना’ म्हणजे आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही, असा बोर्डाचा शेरा. पीस स्टेशन म्हणजे शांत भागातली नेमणूक, त्याच्या उलट फील्ड. तो पडला की दिव्यांगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त असलं तरी पेन्शन नाकारली जाते. मी फौजेत क्लार्क होतो, आता तालुक्यातल्या माजी सैनिकांचे अर्ज भरून देतो. हा मेसेज वाचून दोघांनी माझ्याकडे दिलेल्या फायली परत नेल्या. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

बोर्डाचं मत कोर्ट बदलत नाही, हे साफ चूक आहे. धर्मवीर सिंग हे सिग्नल्समधले, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागातले जवान. १९८५ ला भरती झाले, १९९४ ला फिट्सच्या आजारामुळे बोर्ड आउट झाले, म्हणजे वैद्यकीय कारणाने फौजेतून बाहेर काढले गेले. आजार मूळ प्रकृतीतलाच आहे, नोकरीशी संबंध नाही, असं बोर्डाचं म्हणणं होतं. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या कागदांवर आजाराची नोंद नसेल तर माणूस भरतीवेळी धडधाकट होता असंच धरायचं, आजाराचा नोकरीशी संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. आजार भरतीच्या वेळी का सापडला नसता, याची कारणंही बोर्डाने लिहायला हवीत. त्याच वर्षी वीरपाल सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने मानसिक आजारावरचे ग्रंथ स्वतः पाहिले आणि रिव्ह्यू मेडिकल बोर्ड बसवायला सांगितलं. २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. यांच्या खटल्यातही कारणांशिवाय दिलेलं बोर्डाचं मत टिकलं नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. २००९ च्या दामोदरन आणि २०१९ च्या नरसिंग यादव या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचंच मत मानलं. दोन्ही प्रकरणं मानसिक आजाराची होती. तेव्हा ‘केस टाकली की पेन्शन मिळतेच’ असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून या पेन्शनचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी आपल्याला कोणते नियम लागू होतात ते आधी विचारून घ्यावं, जुने निकाल डोळे मिटून जोडू नयेत.

आता बाहेरच्या डॉक्टरच्या कागदाचं. या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात आणि इथेच केसला बळही मिळतं.

एका हवालदाराची फाइल माझ्याकडे आहे. कमरेच्या मणक्याची गादी सरकलेली. बोर्डाने नाना लिहिलं, आजाराची सुरुवात पीस स्टेशनला झाली एवढंच कारण दिलं. त्यांनी आधी शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं. चार ओळी: रुग्णाला अमुक आजार आहे, उपचार सुरू आहेत, जड काम करू नये. हा कागद खरोखरच निरुपयोगी होता. आजार आहे हे तर बोर्डही म्हणतंय! वाद आजाराबद्दल नाही, आजाराचा नोकरीशी संबंध आहे की नाही याबद्दल आहे.

मग आम्ही दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे पूर्ण फाइल घेऊन गेलो. भरतीच्या वेळची तपासणी, मेडिकल कॅटेगरीचे कागद, बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ फॉर्म, पोस्टिंगच्या तारखा. डॉक्टर तासभर पानं उलटत बसले. मध्येच एक पिवळा पडलेला कागद त्यांनी बाजूला काढला. फील्डमध्ये असताना एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, कंबरदुखीसाठी दिलेल्या गोळ्यांची नोंद होती, बोर्डाने धरलेल्या सुरुवातीच्या तारखेच्या सव्वा वर्ष आधीची. ती चिठ्ठी त्या माणसाने स्वतःही कधी नीट वाचली नव्हती. डॉक्टरांनी दोन पानी मत लिहून दिलं: कोणते कागद पाहिले, पहिली तक्रार कधीची, पाठीवर वजन घेऊन चढ-उतार करण्याचा मणक्यावर काय परिणाम होतो, आणि बोर्डाने दिलेल्या कारणाशी आपण का सहमत नाही. असा कागद रद्दी नसतो. त्याने पेन्शन थेट मंजूर होत नाही, पण पुन्हा बोर्ड बसवा अशी मागणी करायला आधार मिळतो.

‘अमेरिकेत खासगी डॉक्टरचं पत्र चालतं, आपल्याकडे नाही’ अशी जोडही काहींनी या मेसेजला दिली आहे. तिथेही नुसत्या पत्रावर काम होत नाही. आजार नोकरीशी जोडलेला असण्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे, असं डॉक्टरला लिहावं लागतं, आणि त्या मताचं वजन त्यामागच्या कारणांवरून ठरतं.

पीस स्टेशनचा मुद्दा लवकर संपतो. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेच्या १९८३ च्या नियमावलीत परिच्छेद ४२३ आहे. आजाराचं कारण फील्डमध्ये घडलं की शांततेच्या परिस्थितीत, याने फरक पडत नाही, असं त्यात म्हटलंय. धर्मवीर सिंग निकालात तो परिच्छेद उद्धृत केलेला आहे.

पाच वर्षांचं म्हणाल तर तरसेम सिंग हे जवान १९८३ ला फौजेतून बाहेर पडले आणि १९९९ ला हायकोर्टात गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पेन्शन कायम ठेवली, थकबाकी मात्र दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. म्हणजे उशिराने हक्क बुडत नाही, पण दर महिन्याला थकबाकीतला एकेक महिना हातातून जातो. नकाराचं पत्र नुकतंच आलं असेल तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करा.

पैसे घालवू नका, हा सल्ला मात्र मला अर्धा मान्य आहे. फाइल न बघता ‘तयार पत्र’ देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आधी रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग्ज, म्हणजे तपासणीचे सगळे कागद, मागवा, मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. अपिलाला यश नाही आलं तर महाराष्ट्र आणि गोव्यातल्या माणसासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.

त्या हवालदारांचं अपील गेलंय, उत्तर अजून आलेलं नाही. फाइल परत नेलेल्या दोघांपैकी एकाला मी काल फोन केला. त्यांच्याकडे एएफएमएसएफ-१६ ची प्रतच नाही. सोमवारी आम्ही दोघं मिळून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिणार आहोत.