झाडाखालचं रान

"अगं, तुमच्याकडे तर डोंगरच्या डोंगर बोडके करतात. तरी कॅनडा हिरवागार आहे ना? मग आरेत दोन हजार झाडं गेली तर एवढा आकांत कशासाठी?"

दादा हा प्रश्न मला २०१९ पासून विचारतोय. तीस वर्षं गोरेगाव ते चर्चगेट त्याने लोकलच्या दारात उभं राहून काढली. आता आरेपासून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो धावते आणि त्याला बसायला जागा मिळते. याचं मोल मला कळतं. त्याची मुलगी मात्र त्या ऑक्टोबरात रात्री आरेच्या नाक्यावर उभी होती. मेट्रोच्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या ठेवायच्या डेपोसाठी, आरेतली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका ४ तारखेला उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. दादा म्हणतो, तोडली त्याच्या कितीतरी पट लावू. भाची म्हणते, एकही झाड तोडायचं नाही. मी दोघांचं ऐकते, आणि दोघंही झाडंच मोजतात याचं मला वाईट वाटतं.

मी व्हँकूव्हर बेटावर, पोर्ट अल्बर्नीजवळ राहते. लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा हिशेब ठेवणं हे माझं काम, म्हणजे माझ्या घरची चूल लाकूडतोडीवरच पेटते. माझ्या वह्यांत डग्लस फर, हेमलॉक, सिडार यांचे घनमीटर असतात. त्या झाडांच्या पायाशी काय होतं, याला त्या वहीत रकाना नाही. पहिली काही वर्षं मलाही त्याची गरज वाटली नव्हती.

दादाला मी आधी हे सांगते की तुलना पहिल्याच पायरीवर चुकते. इथे झाडं तोडली तरी जमीन जमीनच राहते, आरेत तिथे कारशेडचं काँक्रीट आलं. पण त्याचा दुसरा मुद्दा, 'पुन्हा लावलं की जंगल परत येतं', हा विचार करण्यासारखा आहे. कारण तो इथे खरोखर तपासता येतो.

सरसकट तोड झालेल्या उतारावर दोन-तीन उन्हाळ्यांनी गेलात तर डोळे सुखावतात. फायरवीडचे गुलाबी-जांभळे तुरे, रास्पबेरीच्या जातीच्या काटेरी जाळ्या, गवतं. नुसत्या जाती मोजल्या तर तोडीनंतर आकडा बरेचदा वाढलेला दिसतो. कारण ऊन आणि उघडी माती शोधत फिरणारं बी वाऱ्यावर, पक्ष्यांच्या पोटातून येऊन पडतं. पण ही सगळी पाहुणी मंडळी. घरची मंडळी, म्हणजे सावलीत शतकानुशतकं राहिलेली नाजूक पाती, मॉस, कंदवाली फुलं, ती उन्हाने, सुकलेल्या मातीने आणि यंत्रांच्या पट्ट्यांखाली दबून गेलेली असतात. मग लावलेली रोपं दहा-पंधरा वर्षांत दाटीने उठतात, त्यांच्या फांद्या एकमेकांत मिसळतात आणि खाली अंधार होतो. पाहुणे जातात आणि घरचेही परतलेले नसतात. माझ्या घरामागच्या चाळीसएक वर्षांच्या लागवडीत मी नेहमी फिरते. झाडं सरळ, उंच, निरोगी. खाली तपकिरी सुयांचा थर आणि काही नाही. विमानातून दादाला दिसेल तो हिरवा कॅनडा हाच.

तिथून थोड्याच अंतरावर, त्याच महामार्गाला लागून, कॅथीड्रल ग्रोव्ह आहे. तिथे काही डग्लस फर आठशे वर्षांचे मानले जातात. लोक मान वर करून त्यांचे फोटो काढतात. मी आताशा खाली बघते. कमरेइतकी नेची, पडलेल्या ओंडक्यावर मॉस, मॉसवर हेमलॉकची बोटभर रोपं, मध्येच ट्रिलियमचं तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. या ट्रिलियमला बीपासून पहिल्या फुलापर्यंत कित्येक वर्षं लागतात आणि त्याचं बी मुंग्या उचलून नेतात. मुंगी किती लांब जाणार? ओरेगॉन राज्यातल्या अभ्यासात दिसलं की सरसकट तोडीत ट्रिलियम जवळपास संपतं, आणि तोडीच्या कडेपासून साठ-पासष्ट मीटरपर्यंत, जिथे झाडाला कुऱ्हाडही लागलेली नाही, तिथेही नवी रोपं जवळजवळ उगवत नाहीत. ट्रिलियमची नुसती म्हातारी झाडं उभी असतात. पाहणाऱ्याला वाटतं, आहे की सगळं.

म्हणून 'तोडायचं की नाही' याइतकाच 'कसं तोडायचं' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. इथल्या लोकांनी तो भांडून विचारायला लावला. १९९३ च्या उन्हाळ्यात याच बेटावर क्लेक्वॉट साउंडमध्ये जुन्या जंगलाची तोड अडवताना साडेआठशेहून जास्त माणसांना अटक झाली. त्यानंतर नेमलेल्या वैज्ञानिक मंडळाने सरसकट तोड सोडून प्रत्येक कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात, काही जंगल राखण्याची पद्धत सुचवली. किती राखायचं? शेजारच्या अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि ओरेगॉन राज्यांत १९९०च्या दशकात कुठे १५ टक्के, कुठे ४०, कुठे ७५ टक्के झाडं ठेवून तोड केली आणि खालच्या वनस्पती वर्षानुवर्षं मोजल्या. १५ टक्के अगदी अपुरे ठरले. राखलेली झाडं एकेकटी विखुरली तर पायाखालच्या रानाला फारसा आधार मिळत नाही, सलग तुकडा सोडला तर त्याच्या पोटात जुनं रान बरंचसं टिकतं. यंत्रांचंही तसंच. बर्फाने झाकलेल्या, गोठलेल्या जमिनीवर केलेली तोड मातीला आणि मुळांना कमी दुखावते. आणि दाट लागवडीत वेळेवर विरळणी केली तर ऊन खाली पोचून काही झुडपं परततात. म्हणजे तोडणारा हातही जपू शकतो, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणूनच भाचीचं 'एकही नाही' मला पुरतं पटत नाही.

या पायाखालच्या रानात काय दडलेलं असतं, ते मानसुख वाणींच्या गोष्टीतून कळतं. हे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेले. इथल्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत पॅसिफिक यू नावाचं बुटकं, अतिशय हळू वाढणारं झाड असतं. लाकूडवाल्यांच्या लेखी ते कचरा. सरसकट तोडीनंतर उरलेल्या फांद्यांच्या ढिगात ते जाळून टाकत. १९६२ मध्ये त्याची साल तपासणीसाठी गोळा केली गेली. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल आणि वाणी यांनी त्यातून टॅक्सॉल वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये ते अंडाशयाच्या कर्करोगावरचं औषध म्हणून अमेरिकेत मान्य झालं. माझ्या मावशीला परळच्या रुग्णालयात जी सलाइनं लावली त्यांतलं एक हेच होतं. तिला त्यामुळे चार वर्षं मिळाली. याच दोघांनी कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ रसायनही शोधलं, एका चिनी झाडातून. तेच रसायन आपल्या सह्याद्रीत नरक्यात आहे. महाबळेश्वर, कोयनेच्या रानात मोठ्या झाडांखाली वाढणारं हे लहान झाड चोरट्या तोडीने पार विरळ झालं. इथे जाळलं, तिथे लुटलं. दोन्हीकडे ते झाड कुणाच्या हिशेबात नव्हतं.

मुंबईच्या हिशेबात तरी काय आहे? २०२१ च्या दुरुस्तीने राज्यातल्या शहरी झाडांच्या कायद्यात तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. चांगलीच आहे. राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचा संकल्प केला होता. पण गिरिपुष्पाच्या रांगा लावून कारवी उगवत नाही. संजय गांधी उद्यानाच्या उतारांवर ती आठ वर्षांतून एकदा फुलते. २००८, २०१६, २०२४. मी २०१६ ची पाहिली, आईला हाताला धरून, तिची ती शेवटची. फुलल्यावर झुडूप मरतं आणि पुढचा सगळा भरवसा खाली पडलेल्या बियांवर. पाड्यांवरच्या वारल्यांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम आहे. बोरिवली! सेंट झेवियर्समध्ये शिकवणाऱ्या फादर सांतापाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिला आपल्या उपनगराचं नाव दिलं. किती बोरिवलीकरांना हे माहीत असेल?

आणि शेवळं, ही पावसाळी रानभाजी. जूनमध्ये पहिल्या सरीबरोबर गोरेगाव स्टेशनबाहेर वारली बायका टोपली घेऊन बसायच्या. आई शेवळांबरोबर काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, घेतल्याशिवाय हलायची नाही, नाहीतर घशाला खाज सुटते. शेवळं, मुसळी उन्हाळ्यात जमिनीखाली कंद होऊन झोपलेली असतात. मे महिन्यात आरेत जाऊन कुणी पाहणी केली तर त्याला झाडं आणि कोरडी माती एवढंच दिसेल, आणि तो प्रामाणिकपणे तसंच लिहील.

म्हणून भाचीला मी म्हटलं, पुढच्या नोटिशीवर हरकत घेशील तेव्हा झाडांच्या आकड्यावर थांबू नकोस. पाहणी जुलै-ऑगस्टात करा म्हणून लिही. पाड्यांवरच्या बायकांना सोबत घ्या, त्यांना प्रत्येक कंदाची जागा ठाऊक असते. विखुरलेली झाडं वाचवण्यापेक्षा सलग तुकडा मागा. जिथे काँक्रीट होणारच आहे तिथली वरची वीतभर माती तरी डंपरमध्ये टाकून भरावाला जाऊ देऊ नका, त्यात बी आणि कंद आहेत. ती म्हणाली, "आत्या, हे आमच्यापैकी कुणी अजून लिहिलेलं नाही." मग तूच लिही, म्हटलं.

दादाशी वाद घालणं मी सोडलंय. त्याला एकच काम सांगितलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्टेशनबाहेर टोपलीवाली दिसली तर शेवळं घे, आणि तिला विचार की या वर्षी कुठून आणली, पूर्वी कुठून आणायचीस. फोन करून मला सांग. तो म्हणाला, "विचारतो. काकडं किती घेऊ?"