'रक्तातच असतं' म्हणे! रिट्रीव्हरबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू आणून देणं लॅब्रॅडॉर (लॅब) आणि गोल्डन रिट्रीव्हरच्या रक्तातच असतं, रोज बॉल फेकला की झालं, शिकवायची गरज नाही. पाण्यात ढकललं की आपोआप पोहतो. पिल्लू असतानाच कानाशी फटाके वाजवले की बंदुकीला घाबरत नाही. परदेशातल्या 'हंटिंग टेस्ट' म्हणजे शॉक देऊन तयार केलेल्या कुत्र्यांची शर्यत, तिथे ही कुत्री पक्षी मारतात. आणि तेच काम आपल्याकडे तळ्यावरच्या बदकांमागे सोडलं की फुकटात होतं. खाली अर्थातच 'आवडल्यास पुढे पाठवा'. एकेक मुद्दा घेऊ या.

रक्ताचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त घातक. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडची पाणकुत्री एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये आली, तिथल्या जमीनदारांनी ती निवडून निवडून वाढवली आणि १९०३ साली ब्रिटिश केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. एवढ्या निवडीतून तोंडात धरायची हौस, पाण्याची ओढ, माणसाचं ऐकायची तयारी पिल्लात उतरते. थांबायची अक्कल मात्र उतरत नाही. उलट पडलेल्या वस्तूमागे धावायची हौस जेवढी दांडगी, तेवढं थांबणं अवघड. आणि रिट्रीव्हरच्या कामात, म्हणजे शिकाऱ्याने पाडलेला पक्षी शोधून आणून देण्यात, निम्म्याहून जास्त वेळ थांबायचंच असतं. कुत्रा बंदुकीशेजारी सुटा बसतो. पक्षी उडतात, बार होतो, बदक पाण्यात आदळतं आणि त्याने जागचं हलायचं नाही. पहिल्या बदकामागे धावत सुटला तर दुसरं कुठे पडलं ते बघणार कोण? शिवाय बंदुकीपुढे गेलेला कुत्रा कसा परत येईल, याचीही खात्री नसते. अमेरिकन केनेल क्लबच्या हंटिंग टेस्टमध्ये मास्टर या सगळ्यात वरच्या पातळीवर हुकमाआधी निघालेला कुत्रा बाद होतो. शेजारी दुसरा कुत्रा कामाला सुटतो, तेव्हाही आपल्याने निमूट बघत बसायचं. रोज बॉल फेकणारा मालक नेमकं याच्या उलट शिकवत असतो: हात वर गेला की पळ!

'ब्लाइंड' नावाचा प्रकार तर कुठल्याच रक्तात नसतो. यात पक्षी पडताना कुत्र्याने पाहिलेलाच नसतो, जागा फक्त हॅन्डलरला, म्हणजे कुत्र्याला हुकूम देणाऱ्या माणसाला, ठाऊक असते. तो कुत्र्याला पायाशी बसवतो. पाठीचा कणा आणि नजर नेमक्या दिशेला आली की डोक्याशेजारी हात धरतो आणि 'बॅक' म्हणतो. कुत्रा गवतातून सरळ सुटतो. आडवा वारा असला की पळता पळता हळूहळू एका बाजूला सरकायला लागतो. शिट्टीचा एक लांब आवाज. भरधाव कुत्रा गर्रकन वळून खाली बसतो आणि हॅन्डलरकडे बघतो. हॅन्डलर उजवा हात आडवा करतो, कुत्रा तिकडे वळतो. पुन्हा शिट्टी, हात सरळ वर, कुत्रा आणखी मागे. असं करत पक्ष्याचा वारा नाकाला लागेल अशा जागी तो पोचला की मान खाली जाते, शेपटी भराभर हलायला लागते. त्यापुढे हॅन्डलरने गप्प बसावं, नाकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

हे येतं कुठून? आधी आखूड गवतात कुत्र्याला मधोमध बसवायचं, त्याच्या डावीकडे, उजवीकडे आणि पाठीमागे एकेक डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी आणायला लावायची वस्तू, ठेवायची आणि एका वेळी एकच हात दाखवायचा. हे काम महिनोन् महिने चालतं. बघणाऱ्याला कंटाळा येईल असं काम आहे आणि फॉरवर्डमध्ये ते नाही, याचं नवल वाटत नाही.

पाणी आणि फटाके लवकर उरकतो. ढकललेलं पिल्लू पाय मारतं, त्याला आपण पोहणं म्हणतो, आणि पुढच्या वेळी ते काठावरूनच मागे फिरतं. उथळ, कोमट पाण्यात माणसाने आधी स्वतः उतरायचं, एवढा साधा उपाय आहे. फटाक्यांचं म्हणाल तर बंदुकीला बुजणारे बरेच कुत्रे माणसांनीच तसे केलेले असतात. रीत अशी, की कुत्रा डमीमागे रंगून धावत असताना कुणीतरी बरंच लांब हलका बार काढायचा, कुत्र्याने कान टवकारून काम चालू ठेवलं तरच पुढच्या खेपेला थोडं जवळ यायचं. दिवाळीत पलंगाखाली दडून बसलेलं कुत्रं ज्याच्या घरात आहे, त्याला कानाशी फटाक्याचा सल्ला कसा पटतो, देव जाणे.

आता 'शर्यत'. फील्ड ट्रायल ही स्पर्धा असते, तिथे नंबर निघतात, हे खरं. पण हंटिंग टेस्ट वेगळी. अमेरिकन केनेल क्लबने ती १९८५ साली सुरू केली, ती घरच्या शिकारी कुत्र्याला नंबराच्या चढाओढीत पडावं लागू नये म्हणून. ज्युनियर, सीनियर, मास्टर अशा पातळ्या. पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवणं, कामातली ऐट, चिकाटी, हुकूम मानणं यांना शून्य ते दहा गुण. प्रत्येकात सरासरी किमान पाच आणि एकूण सरासरी सात मिळाली की पास. त्या दिवशी आलेली सगळी कुत्री पास होऊ शकतात, किंवा एकही नाही.

'पक्षी मारतात' हे तर उफराटंच. रिट्रीव्हरचं काम बार झाल्यावर सुरू होतं. ब्रिटिश ट्रायलमध्ये कुत्र्याने आणलेला पक्षी जज हातात घेतो आणि अंगठ्याने-बोटांनी दोन्ही बाजूंच्या बरगड्या चाचपतो. त्या कुत्र्याच्या दाबाने चेपल्यात असं दिसलं की 'हार्ड माउथ' म्हणून कुत्रा बाद. जखमी बदक लव्हाळ्यात तडफडत हरवू नये, म्हणून तर हा कुत्रा. अमेरिकेच्या १९५९ च्या सरकारी 'डक स्टॅम्प'वर, म्हणजे बदकांच्या शिकारीसाठी घ्याव्या लागणाऱ्या तिकिटावर, किंग बक नावाचा काळा लॅब तोंडात बदक घेऊन आहे. १९५२ आणि १९५३, सलग दोन वर्षं तो तिथला राष्ट्रीय विजेता होता. तिकिटावरची ओळही रिट्रीव्हरमुळे शिकार वाया जात नाही, अशा अर्थाचीच आहे.

शॉकचं मात्र झाकून ठेवणार नाही. अमेरिकेत इलेक्ट्रिक कॉलर आणि 'फोर्स फेच', म्हणजे कान चिमटून डमी धरायला लावणं, बऱ्याच ट्रेनरांकडे चालतं. मला ते पटत नाही. पण त्याशिवाय काम होतच नाही, हा दावा खोटा आहे. ब्रिटिश परंपरेतले रिट्रीव्हर शिट्टी, सबुरी आणि शेकडो उजळण्यांवर तयार होत आले आहेत. वेल्समध्ये २०१० पासून शॉक कॉलरवर बंदी आहे, म्हणून तिथले शिकारी कुत्रे काही घरी बसलेले नाहीत.

उरली तळ्यावरची बदकं. हळदी-कुंकू बदक, थापट्या, चक्रवाक हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतात. त्या कायद्यातली शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. जाळ्यात पकडणं, कुत्रे लावून पाठलाग करणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. म्हणजे 'फुकटचं शिक्षण' हा सरळ गुन्हा ठरू शकतो. त्यातून कुत्रा शिकतो काय, तर हुकमाशिवाय पळणं. डमीवर हे सगळं शिकवता येतं. ब्रिटनमध्ये 'वर्किंग टेस्ट' नुसत्या डमींवरच होतात. आपल्याकडे कॅनव्हासच्या दोन-चार डमी, एक शिट्टी आणि गुडघाभर गवताचा माळ एवढं पुरतं. फक्त उन्हाळ्यात टिटवीची अंडी उघड्या मातीत असतात, तेवढे महिने माळ सोडून एखादं मोकळं मैदान बघा.