मोजलेच नाही, म्हणे प्रश्नच उद्भवत नाही

संसदेतल्या अतारांकित प्रश्नांना मंत्री जी लेखी उत्तरे देतात, ती वाचताना दर अधिवेशनात डोके तापते. खासदाराने किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, प्रश्नाचे नेमके पाच भाग पाडून आकडे, तारखा, कारणे मागायची. आणि मंत्रालयाने पाचही भाग एकत्र बांधून एकच उत्तर द्यायचे, ज्यात दीड पान योजनांची नावे असतात आणि विचारलेला आकडा तेवढा नसतो. तारांकित प्रश्न असेल आणि तो पुकारला गेला तर निदान उभे राहून पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकिताला तीही सोय नाही. उत्तर पटलावर ठेवले की मंत्री मोकळा.

14 सप्टेंबर 2020 चे लोकसभेतले उत्तर आठवले की आजही संताप होतो. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, असा सरळ प्रश्न होता. कामगार मंत्रालयाने लिहून दिले की अशी माहिती ठेवली जात नाही, आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का या भागावर लिहिले की त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. घरी परतलेल्या मजुरांचा राज्यवार आकडा मात्र याच मंत्रालयाकडे होता, एक कोटीहून अधिक. जिवंत पोहोचलेले मोजता आले, मग वाटेत मेलेले का मोजता आले नाहीत? त्याच वर्षी 8 मे रोजी जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेले, हे साऱ्या देशाला ठाऊक होते. रेल्वेमंत्र्यांनी त्याच अधिवेशनात राज्यसभेला श्रमिक विशेष गाड्यांमधले 97 मृत्यू लेखी कळवले. एका मंत्रालयाला मोजता येते आणि दुसऱ्याला येत नाही, हे कोणी मान्य करायचे? त्यात त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द केलेला होता, म्हणजे तोंडावर जाब विचारण्याची वाटही बंद.

पुढच्याच वर्षी हिवाळी अधिवेशनात शेतकरी आंदोलनातल्या मृत्यूंबद्दल कृषी मंत्रालयाने हेच केले. नोंद नाही, म्हणून मदतीचा प्रश्न उद्भवत नाही. नोंद ठेवायची नाही आणि ती नसल्याचे कारण पुढे करून जबाबदारी झटकायची, हा निव्वळ निगरगट्टपणा आहे.

आपले विधिमंडळही यात मागे नाही. ‘हे खरे आहे काय’ या प्रश्नावर ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर येते आणि कोणता अंश खरा, हे शेवटपर्यंत कळत नाही.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर तर सगळ्यांत सोयीचे. नियमाप्रमाणे ते आश्वासन ठरते आणि तीन महिन्यांत पुरे करावे लागते. प्रत्यक्षात मंत्रालये मुदतवाढीवर मुदतवाढ घेतात आणि शेवटी ते आश्वासन वगळावे म्हणून सभागृहाच्या सरकारी आश्वासन समितीकडे अर्ज करतात. तोवर प्रश्न विचारणारा खासदार सभागृहात उरलेला असेलच याची खात्री नाही.

नोंद नसेल तर ती का नाही, कोणत्या खात्याने ठेवायची होती आणि कोणत्या तारखेपर्यंत ती सभागृहापुढे येईल, एवढे तरी लिहिलेले नसेल तर असे उत्तर अध्यक्षांनी आणि सभापतींनी मंत्र्याकडे परत पाठवलेच पाहिजे.