खुलासा: ‘दोन डॉक्टर, दोन मतं’ म्हणून केमो सोडू नका

पंचवटी, सिडको, नाशिकरोडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कॅन्सरवर डॉक्टरांचंच एकमत नाही, सगळा धंदा आहे, केमो घेऊ नका.’ हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. त्यापायी कुणी उपचार थांबवले तर जिवावर बेतेल.

दोन सल्ले वेगळे असूनही दोन्ही बरोबर असू शकतात. स्तनाचा कॅन्सर लवकर सापडला, तर गाठ काढून रेडिएशन देणं किंवा पूर्ण स्तन काढणं, दोन्हींत जगण्याचं प्रमाण सारखंच राहतं. २० वर्षांच्या पाठपुराव्याचे हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मग एक डॉक्टर हे सुचवतो, दुसरा ते. यात फसवणूक कुठे आली?

जिथे पुरावा अपुरा पडतो, तिथे तज्ज्ञ चक्क मतदान घेतात. प्रोस्टेटच्या प्रगत कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एका पर्यायाला किमान ७५ टक्के मतं पडली तरच त्याला एकमत म्हणतात, आणि मतांचे आकडे छापतातही. आपल्याकडे २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचना कुणालाही वाचता येतात.

दुसरं मत जरूर घ्या. पण जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबमधून बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइडही (काचपट्टीवरचा त्याचा पातळ काप) मागून घ्या. त्या पुन्हा तपासल्यावर कधीकधी निदानच बदलतं. आणि सर्जन, केमोचे व रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसतात त्या ट्यूमर बोर्डापुढे आपली केस ठेवली का, हे स्पष्ट विचारा.