साधेपणा कोणी कोणाला शिकवायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, सप्रेम सलाम.

उपासकाळातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांतल्या, साधेपणाच्या साधनेवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर आणि चिडून प्रतिक्रिया दिलीत. तुमचा राग मला रास्त वाटला, म्हणून "धन्यवाद, विचार करते" एवढ्यावर सोडवेना. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते.

तुमचे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले. पुढच्या दोन पिढ्या घरातल्या बायका एकच लुगडं धुऊन, वाळवून नेसत होत्या. मिशनच्या शाळेमुळे शिक्षण आलं, नोकरी आली, डोक्यावर पक्कं छप्पर आलं. आता कुठे मुलीचं लग्न चारचौघांसारखं करायची ऐपत आली, तर "कमी वस्तूंत राहा" असं पोट भरलेल्यांनी आम्हाला सांगू नये, हा तुमचा पहिला मुद्दा. दुसरा, तारण कृपेने मिळतं, कपाटातल्या साड्या मोजून नाही. तिसरा, येशू स्वतः मेजवान्यांना जायचा, बेथानीत त्याने महागडं सुगंधी तेल डोक्यावर ओतून घेतलं, मग आम्हालाच हा नेम का?

पहिल्या मुद्द्यावर माझं तुमच्याशी भांडण नाहीच. उपासमार ही साधना नव्हे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, संदेष्टे तिला अन्याय म्हणतात आणि ज्यांच्यामुळे ती येते त्यांना नाव घेऊन झोडतात. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर देवाकडे मागणं मागतो, की मला दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको. श्रीमंती आली तर पोट भरल्यावर "परमेश्वर कोण?" असं विचारीन, आणि दारिद्र्य आलं तर चोरी करून देवाच्या नावाला बट्टा लावीन. दोन्ही भीती त्याने एकाच दमात बोलून दाखवल्या आहेत. ज्याच्या ताटात काही नाही त्याला "कमी खा" म्हणणारा उपदेशक माझ्या लेखी आगुराची अर्धीच प्रार्थना वाचलेला आहे.

पण तुम्ही पुढे जो निष्कर्ष काढता तो मला पटत नाही. ज्यांनी भूक भोगली त्यांच्यासाठी साधेपणाचा विषयच नाही, असं तुम्ही म्हणता. मला इथे पुणे जिल्ह्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन जिथे आहे ते, आठवतं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचे. १८७० नंतरच्या दुष्काळात जवळचं सगळं दानधर्मात आणि पोटापाण्यात संपलं. मोलमजुरीची सवय नाही, भीक मागायला जीभ रेटेना. या कुटुंबाने रानातली पानं खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले, मागोमाग आई गेली, पुढे थोरली बहीणही. भूक म्हणजे काय हे रमाबाईंनी पुस्तकातून शिकलेलं नव्हतं.

याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० पर्यंत मुक्ती मिशनमधल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली होती. त्या मुलींना रमाबाईंनी "आहे त्यात समाधान माना" असं सांगितलं नाही. शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना असं सगळं त्यांच्या हाती दिलं. स्वतः मात्र साध्या पांढऱ्या साडीत राहिल्या आणि १९२२ मध्ये देह ठेवीपर्यंत शास्त्राच्या मराठी भाषांतराला बसल्या. भुकेने हिसकावून नेलेलं आणि आपण होऊन सोडलेलं यांतला फरक त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणूनच त्यांच्या साधेपणाचा कोणाला जाच झाला नाही. त्यात त्या शेकडो मुलींना जागा झाली.

आणखी एक गोष्ट, मिझोरामची. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायका स्वयंपाकाला तांदूळ काढताना दर वेळी एक मूठ बाजूला ठेवतात. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि मंडळीच्या कामाला लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्या डोंगरांत नाण्यांचा सुळसुळाट नव्हता तेव्हापासून हे चालू आहे. त्या बायका श्रीमंत नव्हत्या. "तुम्ही गरीब, तुम्ही फक्त घ्यायचं" असं त्यांना कोणी म्हटलं असतं तर तो त्यांचा अपमान झाला असता. दादा, गरिबाला साधेपणाचा उपदेश करणं चूक, हे मान्य. पण गरिबाच्या हातात द्यायला काहीच नसतं असं धरून चालणंही त्याला कमी लेखणंच आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. साधेपणा म्हणजे वस्तू किती कमी, ही मोजणी आहे असं तुम्ही धरलंत. ज्या माणसाकडून मी हे सगळ्यात जास्त शिकले, तो वेगळंच विचारायचा.

जॉन वूलमन हा १७२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी वसाहतीत जन्मलेला क्वेकर, म्हणजे साधी राहणी आणि अहिंसा मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. तरुणपणी माउंट हॉली गावात एका दुकानात नोकरीला होता. एके दिवशी मालकाने त्याला एका गुलाम बाईच्या विक्रीचं कागदपत्र लिहायला सांगितलं. गिऱ्हाईक समोर उभं, मालकाचा हुकूम. वूलमनने ते लिहून दिलं, पण लिहितालिहिता बोलला, की गुलाम ठेवणं ख्रिस्ती धर्माला धरून नाही असं मला वाटतं. ते कागदपत्र त्याला आयुष्यभर टोचत राहिलं. पुढे असं लिहायला कोणी सांगितलं, की तो नकार द्यायचा.

पुढे त्याने शिवणकाम शिकून स्वतःचं दुकान टाकलं. दुकान चांगलं चाललं, माल वाढला, पैसा येऊ लागला. हेच त्याला जड झालं. लोक ऐपत नसताना उधारीवर शोभेचा माल नेतात, मग कर्ज फेडायला राबतात, हे तो गल्ल्यावर बसून बघत होता. १७५६ च्या सुमारास त्याने दुकानदारी बंद केली, गिऱ्हाइकांना दुसऱ्या दुकानांची वाट दाखवली आणि शिवणकाम व सफरचंदांची रोपवाटिका एवढंच ठेवलं. त्यामुळे त्याला फिरायला वेळ मिळाला, आणि तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघरी जाऊन बोलत राहिला. अशा घरात मुक्काम केला की त्या गुलामांच्या हातात त्यांच्या सेवेचे पैसे ठेवून यायचा, कारण फुकटच्या श्रमाचं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांनी पिकवलेली साखर सोडली. रंगवलेले कपडे सोडले. १७७२ मध्ये इंग्लंडला जाताना कोरीवकाम केलेली केबिन नाकारून जहाजाच्या खालच्या भागात खलाशांसोबत राहिला. इंग्लंडमध्ये घोडागाडीने जाणं टाळून पायी फिरला, कारण त्या गाड्यांपायी घोडे मरेपर्यंत पळवले जात आणि गाडीवरची पोरं थंडीत गारठत. त्याच वर्षी ऑक्टोबरात यॉर्कमध्ये देवीच्या रोगाने तो गेला. चार वर्षांनी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद म्हणून ठेवायचं नाही असं ठरवलं. हे काही एकट्या त्याचं काम नव्हे, पण त्याने झिजवलेले उंबरे त्यात आहेत.

आपल्या घरातलं सामान आणि अंगावरचे कपडे बघून त्यांत युद्धाचं बी पोसलं जातंय का ते तपासा, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. हा प्रश्न उपाशी माणसाला विचारलेलाच नाही. ज्याच्या सुखासाठी दुसरा कोणी राबतो, त्याला विचारलेला आहे. तो मला लागू आहे. आता, तुमच्या पणजोबांच्या कष्टांनंतर, थोडा तुम्हालाही.

आमच्या घरी उपासकाळात महिन्याच्या खर्चाच्या वहीत एक जास्तीचा रकाना आखतो. गॅस, किराणा, भाजी, इस्त्री, ब्लाउजची शिलाई, धुण्याभांड्याच्या मावशी, असं सगळं नेहमीसारखं लिहायचं आणि पुढे, यात कोण राबलं आणि त्याला वेळेवर, पुरेसं मिळालं का, तेही लिहायचं. किराण्याच्या ओळीपुढे बहुतेक वेळा काहीच लिहिता येत नाही, कारण डाळ कोणाच्या हातून आली ते कळायला मार्ग नसतो. पण इस्त्रीवाल्या दादांच्या ओळीपुढे लिहिता येतं. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे. ब्लाउज घेताना "सुट्टे नाहीत, पुढच्या वेळी देते" हे वाक्य त्या नियमाने घरातून गेलं. नव्या वस्तू कमी घेतल्याने जे उरतं त्यातला पहिला वाटा मावशींच्या पगारी सुट्ट्यांकडे जातो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालून वाचवलेले पैसे मी या हिशोबात धरत नाही. ती काटकसर असेल, पण तिची किंमत भाजीवाली देते.

घरातल्या घरातही हेच बघावं लागतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण टिळकांच्या उदारपणाचा आणि अचानक घेतलेल्या निर्णयांचा संसारावर काय भार पडायचा, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचल्या की कळतं. नवऱ्याने साधेपणाचं व्रत घ्यायचं आणि चूल कशी पेटेल याची काळजी बायकोने करायची, अशी साधना मी कोणाला सुचवणार नाही. घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवलं तरच करावी.

तुमचा दुसरा मुद्दा, कृपेचा. साधेपणाचाही अहंकार होतो हा तुमचा इशारा खरा आहे, आणि मंडळीच्या इतिहासात त्याचे वाईट दाखले आहेत. गरिबीचं व्रत घेऊन फ्रान्सिस्कन संघ उभा करणारे संत फ्रान्सिस असिसीकर १२२६ मध्ये वारले. त्यांच्याच संघात पुढे झगा किती आखूड असावा, धान्याचे साठे ठेवावेत की नाहीत यावरून इतकी कटुता आली, की १३१८ मध्ये मार्सेयला चार फ्रान्सिस्कनांना जाळण्यात आलं. गरिबी ही प्रतिष्ठेची आणि सत्तेची बाब झाली की एवढंही घडू शकतं.

पण कृपा आणि साधेपणा एकमेकांच्या विरुद्ध आहेत, हे मात्र नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन वेस्ली आयुष्यभर विश्वासाने मिळणाऱ्या कृपेचाच संदेश देत घोड्यावरून फिरले. ऑक्सफर्डमध्ये असताना वर्षाला ३० पौंड मिळायचे, २८ मध्ये भागायचं, दोन ते देऊन टाकायचे. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तेव्हाही २८ मध्येच भागवलं आणि ३२ दिले. १७७६ मध्ये सरकारने चांदीच्या भांड्यांवरच्या कराची विचारणा केली, तेव्हा त्यांनी कळवलं की माझे चांदीचे दोन चमचे लंडनला आहेत आणि दोन ब्रिस्टलला, आणि आजूबाजूला इतक्यांना भाकरी नसताना मी आणखी घेणार नाही. देव मला स्वीकारील म्हणून त्यांनी २८ पौंडांची मर्यादा पाळली नाही. स्वीकारलेल्या माणसाला आणखी काही जमवून स्वतःला सिद्ध करायचं उरत नाही, म्हणून ती त्यांना पाळता आली असं मला वाटतं.

बेथानीच्या तेलाबद्दल थोडक्यात. तीनशे दीनारांहून जास्त किमतीचं ते तेल, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. त्या बाईने कुपी फोडली आणि सगळं ओतलं. कपाटात जपून ठेवलं नाही. मला त्या गोष्टीत चैन कुठेच दिसत नाही, हात मोकळा असलेली बाई दिसते. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नाचंही तेच. द्राक्षारस मुबलक होता आणि तो सगळ्या पाहुण्यांसाठी होता.

आता लग्नाचं. तुमच्या प्रतिक्रियेतली ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: "साधं लग्न केलं तर वरच्या आळीतले म्हणतील, यांची लायकीच तेवढी." या ओळीवर पोकळ उत्तर देण्यात अर्थ नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं, की जातीची खूण म्हणून अंगावर घालायला लागणारे दागिने टाका, साडी पायघोळ नेसा, स्वच्छ राहा. ज्यांना चांगलं नेसू दिलं नाही त्यांनी चांगलं नेसणं ही मुक्तीच होती. ती मुक्ती काढून घेणारा साधेपणा ख्रिस्ताचा नाही. पण बाबासाहेबांनी त्याच दमात अंगावरचे जड दागिने उतरवायलाही सांगितलं, हेही बघा. कशाने मान वर होते आणि कशाने वाकते, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

तुमच्या लेकीने तिला आवडेल तो शालू नेसावा. मंडळीतल्या सगळ्यांना पोटभर, चांगलं जेवण द्यावं. माझा आक्षेप फक्त त्या कर्जाला आहे, ज्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात: सोसायटीचं, हॉलसाठी आणि डीजेसाठी, पाच वर्षांच्या हप्त्यांचं. वूलमनने गल्ल्यावर बसून जे बघितलं ते हेच होतं. वरच्या आळीचे लोक एक संध्याकाळ बघून जातील आणि हप्ते तुमच्या पगारातून कापले जातील, कदाचित लेकीच्याही. हॉलऐवजी देवळाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, आवारात मांडव घातला आणि स्वयंपाकाला मंडळीतल्या बायका उभ्या राहिल्या तर किती वाचतं, ते एकदा कागदावर मांडून बघा. लेकीलाही त्या हिशोबाला बसवा, लग्न तिचं आहे. त्यानंतर तुम्ही दोघं ठरवाल ते मला मान्य आहे, आणि बोलावलंत तर भाकऱ्या थापायला मी आदल्या दिवशीच येईन.